शब्द हातात देऊ नये

"म्हणजे तुम्ही हो म्हणालात, कारण ते म्हणायला सोपं होतं," मुजावर म्हणाले.

वाक्य असे सलग आले नव्हते. 'म्हणजे'च्या उंबऱ्याशी ते थांबले होते. दार ठोठावावे तसा तो पहिला म पुन्हा पुन्हा वाजला, मग दार उघडले आणि उरलेले शब्द एकमेकांना ढकलत आत आले. तोवर खोलीतले आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो. कुणी नजर खाली घातली नाही, कुणी घसा खाकरला नाही.

मी मान हलवली.

"मान नको. तोंडानं," पोपट सलगर म्हणाला. "मानच हलवायची असंल तर नंदीबैल काय वाईट होता?"

"हो," मी म्हटले.

तो शब्द खरोखरच सोपा होता. त्याला ओठ मिटावे लागत नाहीत, जीभ कुठे टेकवावी लागत नाही. श्वास सोडला की झाला. 'नाही'चे तसे नाही. त्यासाठी जीभ दातांच्या मुळाशी जाते आणि माझी तिथे गेली की परत येत नसे. मुजावरांचे अक्षर वाजत राही, पोपटचे रबरासारखे ताणले जाई. माझे मात्र गोठून जाई. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, ही मुलगी विचार करते आहे, किंवा लाजते आहे, किंवा हिला काही म्हणायचेच नाही.

ही खोली सांगलीत, मुजावरांच्या चष्म्याच्या दुकानावर होती. एरवी तिथे डोळे तपासले जात. एका भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत गेलेल्या अक्षरांचा तक्ता होता आणि समोरच्या भिंतीवर उभा आरसा. रविवारी दुकान बंद असे. त्या दिवशी जीभ अडखळणारी आम्ही आठ-दहा माणसे तिथे जमत असू. कुणी सोनार होता, कुणी परिचारिका, कुणी नुकताच कॉलेजात गेलेला. पोपट वीज मंडळात होता. "आईबापांनी नाव पोपट ठिवलं आणि देवानं जीभ अशी दिली," तो नव्या माणसाला सांगायचा, "दोघांनी एकमेकांस्नी इचारायला पायजे होतं."

आमचे नियम दोनच. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे, त्याचे वाक्य संपेपर्यंत. आणि कुणाचा शब्द कितीही अडला, तो आपल्याला कळला असला, जिभेवर आलेला असला, तरी त्याच्या हातात तो द्यायचा नाही. "ज्याची घागर त्यानं भरायची," मुजावर म्हणत. "ज्याला घाई असेल त्यानं घरी जाऊन रेडिओ ऐकावा." जो चुकून शब्द देऊन बसे, त्याला सगळ्यांचा चहा खालून वर आणावा लागे.

मी तिथे गेले तेव्हा मराठीची एम. ए. झाले होते आणि माझी भाषा शुद्ध आहे, भारदस्त आहे, अशी जयसिंगपुरात ख्याती होती. त्या शुद्धतेचे गुपित कुणाला ठाऊक नव्हते. जो शब्द अडणार असे वाटे, तो मी दुरूनच ओळखून टाळत असे आणि त्याच्या जागी दुसरा शोधत असे. साध्या शब्दांना वळसा घालता घालता मी अशा दुर्मीळ शब्दांच्या रानात पोचले होते, जिथे मला अडवणारे कुणी नव्हते आणि मला भेटणारेही कुणी नव्हते. कवितेत मात्र मी कधीच अडखळत नसे. ताल मिळाला की जीभ उताराला लागे. पहिल्या रविवारी मी नाव सांगण्याऐवजी एक पूर्ण कविता म्हणून दाखवली होती. सगळे खूश झाले. मुजावर शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "फारच सुंदर. आता तुम्हाला काय पाहिजे ते सांगा." मला त्या दिवशी काहीच सांगता आले नव्हते.

आणि आता हे.

इचलकरंजीच्या चौगुल्यांचे स्थळ आदल्या आठवड्यात आले होते. यंत्रमाग, स्वतःचे घर, एकुलता मुलगा. मुलाचे नाव श्रेणिक. बघायला आली ती चार माणसे: तो, त्याची आई, त्याचे चुलते तात्या आणि मध्यस्थ म्हणून माझा भरमूमामा. घरात माझ्या बोलण्याविषयी कुणी अवाक्षर काढायचे नाही, असे आईने बजावले होते. "मराठी घेऊन पहिल्या वर्गात आलीय," असे सांगून आई मला म्हणाली, "म्हण गं ती कालची कविता." मी म्हटली. तात्या वाहवा म्हणाले. श्रेणिकची आई म्हणाली, "आमच्या घरात सगळे यंत्रासारखे बोलतात, हिच्यानं जरा बरं वाटंल." मग तात्यांनी विचारले, "पसंत आहे ना, पोरी?" मी 'नाही'साठी जीभ वर नेली. ती तिथे बसून राहिली. सगळे पाहत होते. शेवटी ती सोडवण्याचा एकच मार्ग होता. मी श्वास सोडला आणि हो म्हटले.

"त्या माणसात वाईट काय आहे?" परिचारिका असलेल्या बाईंनी विचारले.

"त्यात काही... वाईट दिसलं... नाही," मी म्हटले. "पण त्यांनी जिला पाहिलं, ती मी... नव्हे. त्या घरात मला जन्मभर कवितेत बोलता येणार... नाही."

"मग हेच घरी सांगा," मुजावर म्हणाले.

मी घरी तीनदा प्रयत्न केला होता. मी पहिल्या अक्षरावर असताना आई तिसऱ्या वाक्यावर पोचलेली असे. आईचे तसेच होते. पाहुण्यांशी ती बोलायची, भाजीवाल्याशी ती भांडायची, बँकेत, दवाखान्यात, माझ्या शाळेत तीच पुढे व्हायची. आप्पा कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. गाडी काट्यावर यायची, आकडा उमटायचा, आप्पा चिठ्ठी फाडून द्यायचे. घरातही ते असेच होते. "मगदूम अबोल माणूस," असे लोक म्हणत, आणि मग हळूच, "बायको बोलू देत नाही."

"गुरुवारी सुपारी आहे," मी म्हटले. "तुम्ही या. आणि माझ्या वतीनं..."

पुढचा शब्द अडला. सगळे थांबले. मला तो सोडून देता आला असता. दुसराही सापडला असता. पण त्या खोलीत वळसे घालणे लबाडीचे वाटे.

"...सांगा," मी वाक्य पुरे केले.

"येऊ," मुजावर म्हणाले. "बसू. तुमच्याकडे बघू. सांगणार नाही."

"का?"

"आज मी सांगितलं, तर उद्या त्या घरातसुद्धा तुमच्या वतीनं सांगणारा कोणीतरी लागेल. दर वेळी मी कुठनं येऊ? मला दुकान आहे."

"जेवान असतंय का सुपारीला?" पोपटने विचारले.

"असतं."

"मग मी बी येतो."

गुरुवारी दुपारी ते दोघे आले तेव्हा बैठकीच्या खोलीत सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. मी रविवारी सांगलीला वाचनमंडळात जाते, असे घरी सांगितले होते. त्यामुळे हे वाचनमंडळातले म्हणून त्यांची ओळख करून दिली. भरमूमामाने मुजावरांना वरपासून खालपर्यंत पाहिले आणि पोपटकडे वळून विचारले, "आपण काय वाचता?"

"मी...टर," पोपट म्हणाला. "म...हिन्याच्या महिन्याला."

ही चेष्टा की साहित्य, हे मामाला कळले नाही. तो आत निघून गेला.

सगळ्यांना घाई होती. आम्हा जैनांकडे दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचे असते. त्यातून चौगुले मंडळी उशिरा आलेली. आचाऱ्याने पुऱ्यांचे तेल तापवले होते. आई एका वेळी चौघांशी बोलत होती. मामाने पाटावर तांदूळ मांडले, त्यावर सुपारी ठेवली आणि अडकित्ता मांडीवर घेऊन बसला. एकदा सुपारी फुटली की शब्द गेला. मग माघार घेणाऱ्या घराचे नाव पंचक्रोशीत निघते. पुढच्या मुलीला स्थळ येत नाही, मागच्या मुलाला मुलगी मिळत नाही.

मी आतल्या दारात उभी होते. अंगावर नवी जरीची साडी. मुजावर आणि पोपट भिंतीला टेकून बसले होते. ठरल्याप्रमाणे दोघेही माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्या गर्दीत फक्त तेच दोघे.

"चला बघू," तात्या म्हणाले. "ऊन उतरलं. फोडा."

"एक मिनिट," मी म्हटले आणि खोलीत आले. हे शब्द अडले नाहीत. माना वर झाल्या. मी जीभ वर नेली आणि ती तिथेच राहिली.

लोक म्हणतात, अशा वेळी काय होते ते सांग. काही होत नाही, हेच ते असते. छाती भरलेली, आणि समोर माणसांचे चेहरे एका पाठोपाठ एक बंद होत जातात. आधी कौतुक मिटते, मग कुतूहल. शेवटी सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडे पाहू लागतात.

मामाला ती शांतता सोसवली नाही. "पाया पडायचं राहिलं व्हय?" तो म्हणाला. "पड की मग. त्यात इचारायचं काय?"

खोलीत हशा पिकला. श्रेणिकच्या आईने कौतुकाने जागा करून दिली, कुणीतरी मला खांद्याला धरून खाली वाकवले, आणि ज्यांना मी नकार द्यायला आले होते त्यांच्या पायांवर मी एकेक करून डोके ठेवू लागले. तात्या. श्रेणिकची आई. मामा. त्या ओळीत पुढे मुजावर होते. त्यांनी पाय आत ओढून घेतले.

"मला नको," ते म्हणाले. त्यांचा म बराच वेळ वाजला आणि खोलीतल्या दोघातिघांनी चमकून एकमेकांकडे पाहिले. "तुमचं वाक्य राहिलंय."

मी उभी राहिले.

आता कुणी हसत नव्हते. काहीतरी बिघडते आहे, अशी शंका सगळ्यांना आली होती. आईने ते ओळखले. ती पुढे झाली आणि हसत म्हणाली, "कविता म्हणायचीय तिला. शुभप्रसंगी म्हणावी म्हणतेय. म्हण, पोरी, म्हण."

"व्हय, म्हण की," तात्या म्हणाले. "त्या दिवशीची म्हण."

मला त्या क्षणी कवितेचा पहिला शब्द दिसला, अगदी स्पष्ट. तो म्हणायचा अवकाश, जीभ सुटली असती. सगळ्यांचे चेहरे पुन्हा उघडले असते, अडकित्ता मिटला असता, पुऱ्या तळल्या गेल्या असत्या. मला आजवर ज्या ज्या ओळींनी सांभाळले होते, त्या सगळ्या दारात उभ्या राहून मला हाका मारत होत्या. त्यांच्यावर माझे प्रेम होते. आजही आहे.

मी जीभ पुन्हा वर नेली. तीच जागा, तोच दगड. पोपट गुडघ्यावर हात आवळून बसला होता. त्याचे ओठ माझ्यासाठी हलू लागले होते आणि मुजावरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला होता. बाकीच्यांच्या नजरा खाली गेल्या. श्रेणिकची गेली नाही. हे मी पाहिले. तो पुढे झुकून, दोन्ही हात जुळवून, एखाद्या यंत्राचा बिघाड कुठे आहे ते ऐकावे तसा ऐकत होता.

"नको," मी म्हटले.

मग उरलेले एकेक करून आले, अडत, गोठत, मधल्या जागा सोडत. मला हे लग्न नको. त्या दिवशी मी हो म्हटले, कारण मला नाही म्हणता येत नव्हते. मी अशी बोलते. रोज अशीच बोलते.

आचारी दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला.

"तोतरी हाय," तात्या म्हणाले. ते कुणाला उद्देशून नव्हते. मग ते आवाज चढवून म्हणाले, "भरमू, तू आमाला हे सांगितलं न्हाईस."

"तसं काय नाही, तात्या. भ्यालीय पोरगी. माणसं बघून भ्यालीय—"

"तू गप. या घराचा कर्ता कोण हाय? मगदूम, तुमी बोला. सुपारी फोडायची का उचलायची? तुमचं म्हननं काय?"

सगळी खोली आप्पांकडे वळली. ते दाराजवळच्या खुर्चीत, नेहमीप्रमाणे कडेला बसले होते. पांढरा सदरा, टोपी, मांडीवर हात. ते उठून उभे राहिले. तोंड उघडले.

मी त्यांना रोज पाहत होते. जन्मल्यापासून पाहत होते. पण माणूस बोलायला निघतो तेव्हा त्याच्याकडे कसे पाहायचे, हे मी त्या चष्म्याच्या दुकानावरच शिकले होते. म्हणून मला दिसले. जबडा किंचित डावीकडे सरकला. मानेची शीर उभी राहिली. उजव्या पायाचा अंगठा फरशीत रुतल्यासारखा दाबला गेला, आणि डोळे समोरच्या माणसावरून घसरून वर कोपऱ्यात गेले. हे सगळे मी दुकानावरच्या त्या आरशात दर रविवारी माझ्याच अंगावर पाहत होते. जबडा तोच, शीर तीच, अंगठाही तोच.

"त्यांचं म्हणणं असं," आई म्हणाली, "की पोरगी आज जरा—"

"दाजी म्हणत्यात," मामा म्हणाला, "की दोन दिस थांबा, मग—"

"थांबा," मी म्हटले. हा शब्द कसा आला, कुठून आला, मला ठाऊक नाही. मला तो कधीच वेळेवर येत नसे. "त्यांना बोलू द्या."

आई माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या तोंडावर मी आजवर न पाहिलेली भीती होती.

आप्पांना वेळ लागला. मुजावर आणि पोपट आता माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी माना वळवून आप्पांच्या तोंडाकडे नजर लावली होती, नियमाप्रमाणे. मीही लावली. बाहेर तेल चुरचुरत होते.

"ति...तिला..." आप्पा म्हणाले. मग पुन्हा मागे गेले, पुन्हा आले. "तिला नको असंल... तर सुपारी उचला."

तात्यांनी आप्पांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग पुन्हा आप्पांकडे.

"म्हंजे हे बापापास्नं हाय," ते म्हणाले.

आईने डोळे मिटून घेतले.

"हो," आप्पा म्हणाले. "माझ्यापासनं आहे."

मामाने अडकित्ता खिशात घातला. पुढचे सगळे भराभर झाले. फसवणूक, तोंड दाखवायला जागा, आमच्या पोराचं काय, हे सगळे शब्द उठून उभे राहिले आणि चपला शोधू लागले. श्रेणिकची आई जाता जाता माझ्यासमोर थांबली. "एवढं बोलता येत होतं, तर आधीच बोलायचं हुतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. 

श्रेणिक सर्वांत शेवटी निघाला. उंबऱ्याबाहेर चपलेत पाय घालताना तो म्हणाला, "त्या दिवशी मीच विचारलं असतं, तर मला सांगितलं असतं तुम्ही?"

"वेळ... लागला असता."

"होता की वेळ," तो म्हणाला आणि गाडीकडे गेला.

त्याचे पुढच्या वर्षी कागलकडच्या मुलीशी लग्न झाले, असे ऐकले. मी त्या नकाराचा पश्चात्ताप केला नाही. पण माझ्या घराबाहेरचा, रविवारच्या त्या खोलीबाहेरचा, ज्याने प्रथम माझे वाक्य संपेपर्यंत वाट पाहिली, तो तोच होता, आणि मी त्याला सांगत होते ते वाक्य नेमके नकाराचे होते. हे असे आहे. याचे पुढे मला काही करता आले नाही.

मुजावर आणि पोपट एस. टी.ची वेळ बघून उठले. आई स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभी होती. तिने त्यांना जेवायला थांबवले नाही. मुजावरांनी आप्पांपुढे हात जोडले. "रविवारी आम्ही असतो," एवढेच म्हणाले. आप्पांनी हात जोडले. पोपटने निघताना परातीतली एक पुरी उचलली, मला दाखवली आणि खिशात टाकली.

आप्पा मुजावरांच्या दुकानाचा जिना कधी चढले नाहीत. आज ते नाहीत म्हणून त्यांच्याविषयी गोड काही सांगावे, असे मला वाटत नाही. मी नंतर गडहिंग्लजच्या कॉलेजात शिकवायला लागले, वर्गात अडखळते, मुले पहिला महिना हसतात, मग कंटाळतात. आप्पा निवृत्त होईपर्यंत काट्यावर चिठ्ठ्या फाडत राहिले. सांगायचे आहे ते त्या संध्याकाळचे, अजून उजेड होता तेव्हाचे.

मामाही गेला होता. आचारी सामान बांधून गेला. आम्ही तिघे उरलो. आप्पा त्याच खुर्चीत बसले. आई खाली सतरंजीवर बसून न वापरलेल्या पत्रावळी एकावर एक ठेवत होती. मी साडी न बदलता तिच्यासमोर बसले.

"तुला माहीत होतं?" मी विचारले.

आई पत्रावळींच्या कडा जुळवत राहिली.

"लग्नाच्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "हळद उतरायच्या आधी. बायकांनी घेरलं, म्हणाल्या, नवऱ्यानं नाव घ्यायचं. नाव घेतल्याबिगर घास भरवू देत नव्हत्या. हे उभे. घामानं सगळा सदरा भिजला. कुणी म्हणे रुसला, कुणी म्हणे नवरी पसंत नाही. माझ्या आत्यानं तर रडायला सुरुवात केली. मी बघितलं यांच्या तोंडाकडं. तुझ्यासारखंच. असंच." तिने स्वतःच्या जबड्याला हात लावला. "मग मीच म्हणाले, यांचं पण मीच घेते. दोन्ही उखाणे मीच घेतले. सगळा मांडव हसला. त्या दिवसापासनं मी तोंडाळ. सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या, माझ्या लेकाची जीभ हिनं कापून खाल्ली."

आप्पा जमिनीकडे पाहत होते.

"मला बोलायची कुठं हौस होती," आई म्हणाली. "माहेरी मला मुकी म्हणायचे."

तिने पत्रावळींचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि नुसतीच बसली. ती गप्प आहे हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती. जे मी तिची घाई समजत आले होते, तिच्या ज्या वाक्यांवर मी इतकी वर्षे मनातल्या मनात चरफडत होते, ती सारी एका माणसाभोवती घातलेली कुंपणे होती. पुढे दोन माणसांभोवती. त्या कुंपणाआड आम्ही दोघे सुरक्षित होतो आणि मुके होतो.

"रा..." आप्पा म्हणाले.

आईने वर पाहिले. तिचे नाव राजमती. मी आप्पांच्या तोंडून ते कधी ऐकले नव्हते. ते तिला 'अगं' म्हणत, किंवा काही न म्हणता समोर येऊन उभे राहत.

"रा..."

ते अडले. अंगठा दाबला गेला, शीर उभी राहिली. सवयीने आईचे तोंड उघडले. पाणी हवंय का, चहा टाकू का, टोपी कुठं ठेवली, असे तिचे शेकडो शब्द त्या उघड्या तोंडाशी आलेले मला दिसले. मी काही बोलले नाही, तिचा हातही धरला नाही. तिने आप्पांकडे पाहिले, आणि तोंड हळूहळू मिटले. मग तिने पदर सावरला, मांडी नीट घातली, आणि पाहुण्यांच्या पुढ्यात बसावे तशी ती त्यांच्या तोंडाकडे पाहत बसली.

आम्ही दोघी पाहत होतो. खिडकीतला उजेड भिंतीवरून उतरत खाली आला. आप्पांनी एकदा डोळे मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा सुरुवातीला गेले. आई हलली नाही.

"राजमती," आप्पा म्हणाले.

"काय?" आई म्हणाली.

त्यालाही वेळ लागला. आम्ही तोही दिला.

"गॅसवर... दूध आहे," आप्पा म्हणाले.

ते केव्हाच उतू गेले होते. करपल्याचा वास घरभर पसरला होता. तो आम्हा दोघींना आता आला. तरीही आई लगेच उठली नाही.